झाड छाटणाऱ्याला सर्टिफिकेट कशाला?

आज बोलायचंय झाडावर चढून पोट भरणाऱ्यांबद्दल. आपल्या नगरमध्ये (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागतेय, सांभाळून घ्या) मे महिना आला की यांचे फोन वाजायला लागतात. "दादा, पाऊस यायच्या आत आमचा कडुनिंब जरा कमी करून द्या." मग घासाघीस होते आणि शेवटी ठरतं, की मजुरी थोडी कमी घ्या, लाकूड तुम्हीच घेऊन जा.

माझ्या मते धंद्याचं गणित इथंच बिघडतं. मजुरी लाकडात मिळणार असेल, तर जास्त कापलं की जास्त कमाई. मालकाला दोन फांद्या नको होत्या, पण चार जातात आणि मग झाड बोडकं झालेलं दिसतं. लाकूड विकणाऱ्याला सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही. ज्याला स्वतःची जाणकारी विकायची आहे, त्याला मात्र कुठंतरी कागद दाखवावा लागतो.

जाणकारी म्हणजे काय, तर एक उदाहरण घ्या. जाड फांदी काढायचीय. बहुतेक जण खोडाला चिकटून वरून करवत चालवतात. फांदी अर्धी कापली की स्वतःच्या वजनानं मोडते आणि खाली खोडाची साल हातभर सोलत नेते. शिकलेला माणूस तीन काप घेतो. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं, थोडाच आत. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी पडते, साल शाबूत राहते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापानं काढायचा. पण तोही खोडाशी सपाट नाही. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं दिसतं, त्याच्या जरा बाहेरून कापायचं. जखम झाकणारी नवी साल त्या कड्यातूनच वाढते. कडं कापलं गेलं की जखम भरायला फार वेळ लागतो, मधल्या काळात पाणी आणि बुरशी आत शिरते. काही वर्षांनी वादळात ते झाड कुणाच्या तरी गाडीवर पडतं आणि लोक दोष वाऱ्याला देतात.

शेंडा उडवणं तर त्याहून वाईट. खुंटांवर भराभर धुमारे फुटतात, मालक खूश होतो. पण त्या नव्या फांद्यांची पकड कच्ची असते. म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि वाढवून आलो.

आता सर्टिफिकेटचं. वायरमनला परवाना लागतो, झाड छाटणाऱ्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही. जगात या कामाचं सगळ्यात ओळखीचं सर्टिफिकेट देते ती इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, म्हणजे आयएसए. १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. त्यांच्या 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. शिक्षण झालेलं असेल तर अनुभवात सूट मिळते. पेपर पर्यायी उत्तरांचा. पास झालात तरी दर तीन वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण जमवावे लागतात. फी डॉलरमध्ये, पेपर मराठीत नाही. सरळ सांगतो, आपल्याकडच्या बहुतेक पोरांना हे पहिल्याच उडीत जमणारं नाही.

पण त्यात एक गोष्ट आजपासून कामाची आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्यानं अनुभव सिद्ध कसा करायचा? बिलं, करार, ग्राहकांची पत्रं दाखवून. आणि नेमकं हेच आपल्याकडे नसतं! दहा वर्षं झाडावर काढली, कागद एकही नाही. तेव्हा शंभर रुपयांच्या आत बिलबुक मिळतं, ते आणा. तारीख, पत्ता, झाड कोणतं, काय काम केलं ते लिहा. आधीचा आणि नंतरचा फोटो फोनमध्ये ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार-पॅनवर होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

जवळची पायरी म्हणजे माळीकाम. अ‍ॅग्रिकल्चर स्किल कौन्सिलची 'गार्डनर' ही पात्रता आहे. कामातून शिकलेल्यांना पूर्वज्ञानाच्या आधारे, थोडं प्रशिक्षण आणि परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोयही सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. बॅच कधी, कुठं, याची चौकशी करावी लागेल. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत माळी प्रशिक्षण चालतं, आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्या राहुरीतच आहे. बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. एक चक्कर मारा. या सर्टिफिकेटनं उंचावरचं काम येत नाही, हेही लक्षात ठेवा. दोर, हार्नेस, वर अडकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, हे जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकावं लागतं.

आणि सर्टिफिकेट म्हणजे झाड कापायची परवानगी नव्हे! शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा 'तोडणं' धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली. खेड्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, साग ही त्याच्या यादीतली. हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी करून शिवार राखलं, पण कॉलनीतल्या झाडाला कधीतरी करवत लावावीच लागते. म्हणून मालकाकडे परवानगीचा कागद मागा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दंडाची वेळ आली की "मी तर याला नुसतं बोलावलं होतं" म्हणणारे मालक कमी नाहीत.

जिवाचं राहिलं. तारेजवळची फांदी असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद झाल्याशिवाय चढायचं नाही, ओली फांदी करंट घेते. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा: वर्षाला वीस रुपये, वय अठरा ते सत्तर, अपघाती मृत्यूला दोन लाख. रक्कम मोठी नाही, पण घरी काहीच न येण्यापेक्षा बरी.

आणि पुढच्या गिऱ्हाईकाला दर सांगताना मजुरी वेगळी सांगा, लाकडाचं वेगळं. लाकूड मालकाचं. त्याला नको असेल तर किंमत ठरवून बिलात लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन जणांना महाग वाटेल, एखादा दुसऱ्याला बोलावेलही. कापून झाल्यावर त्या झाडाकडे बघायला मात्र त्याला तुमच्यासोबत न्या, कडं दाखवा.