कुट्टी मशीनच्या कर्जात वायरही धरा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं, वार्तापत्रासाठी लिहून काढलेलं)



या महिन्यात कडबाकुट्टी मशीनसाठी कर्जाचे चार अर्ज आले. चारहींत मशीनची किंमत आहे, टेम्पोचं भाडं आहे. वायरचा मात्र एक रुपया नाही. म्हणून आज वायरबद्दल बोलते.

मागच्या पावसाळ्यात एका ताईंच्या गोठ्यावर गेले होते. नवी 2 एचपीची मशीन. टीव्हीच्या प्लगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, तिथून शंभर फूट पातळ वायर. मोटार नुसती घुंऽऽ करायची, फिरायची नाही. ताई म्हणाल्या, "मशीनच खराब निघाली." मलाही तसंच वाटलं. मी दुकानदाराशी भांडले. चार दिवसांनी बोर्ड वितळला, मोटार जळाली. मग वायरमनने सांगितलं, दोष वायरचा होता. मोटार गेली, हप्ता मात्र राहिला.

असं का झालं? साधा हिशोब आहे. वॅटला 230 ने भागा, साधारण अँपिअर येतात. पंखा 75 वॅटचा, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. 2 एचपीची मोटार पूर्ण भारावर साधारण 10 ते 12 अँपिअर ओढते, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-पाच पट. टीव्हीचा छोटा प्लग असतो 6 अँपिअरचा. त्यात वायर पातळ आणि लांब असली की व्होल्टेज वाटेतच पडतं. मोटारीला जोर मिळत नाही, ती अडून बसते आणि तापते. वायरचं वेटोळं तसंच ठेवलं तर तीही तापते.

म्हणून अर्ज भरण्याआधी एवढं करा:

मोटारीच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचा. वाचता येत नसेल तर फोटो काढून मला दाखवा.

वीजबिलावर "मंजूर भार" बघा. 1 किलोवॅट असेल तर 2 एचपीची मशीन त्यात बसत नाही. आधी भार वाढवून घ्या.

गोठ्यात 16 अँपिअरचा वेगळा प्लग घ्या. शंभर फुटांपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. अंतर जास्त असेल तर आणखी जाड.

अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. गोठ्यात जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात. तिथे शॉक बसला तर जीव जातो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणि कडबा अडकला तर आधी बटण बंद, प्लग बाहेर, मगच हात आत.

या सगळ्याचा खर्च वायरमनकडून लिहून घ्या आणि अर्जातच जोडा. कर्ज थोडं वाढेल, पण जळालेल्या मोटारीचे हप्ते भरायची वेळ येणार नाही. ते चार अर्ज मी परत दिलेत, नाकारलेले नाहीत. पुढच्या बैठकीला वायरसकट घेऊन या.