रोजचा चहा आणि उसनी तरतरी

संकष्टी चतुर्थीचा दिवस आहे. घरांतील कर्त्या पुरुषानें या खेपेस उपवास कडक करावयाचें ठरविलें आहे. फराळ तर नाहींच, परंतु सकाळचा चहाहि नाहीं. नऊ-दहा वाजेपर्यंत उत्साह टिकतो. दुपार होतां होतां कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकूं लागतात, डोळे जड होतात, आणि मुलानें साधा प्रश्न विचारला तरी उत्तर तिरसट येतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पित्त झालें, पोट रिकामें आहे ना!" चंद्रोदय होतो, नैवेद्य दाखविला जातो, आणि पानें वाढण्यापूर्वींच कोणीतरी कपभर चहा पुढें करतें. अर्ध्या-पाऊण तासांत ठणका ओसरतो. रिकाम्या पोटानेंहि डोकें दुखतें हें खरें. परंतु ज्याला रोज ठरल्या वेळीं चार कप लागतात, त्याच्या बाबतींत संशय प्रथम दुसऱ्याच गोष्टीवर घेतला पाहिजे. ती गोष्ट म्हणजे चहांतील कॅफीन.

१८१९ सालीं फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें कॉफीच्या बियांतून हें पांढरें, कडवट द्रव्य प्रथम वेगळें केलें. त्या बिया त्याला महाकवि गटे यानें दिल्या होत्या. पुढें १८२७ सालीं चहाच्या पानांतूनहि असेंच द्रव्य निघालें व त्याला 'थेईन' असें निराळें नांव मिळालें. परंतु हीं दोन द्रव्यें एकच आहेत असें १८३८ सालीं सिद्ध झालें. चहा बरा कीं कॉफी, हा घरोघरींचा वाद कॅफीनपुरता तेथेंच मिटावयास हरकत नव्हती. उरतो तो प्रश्न प्रमाणाचा आणि वेळेचा.

कॅफीन शरीरांत काय करतें, हें पाहण्यासारखें आहे. मनुष्य जागा असतां मेंदूच्या पेशी अखंड काम करीत असतात, आणि त्या कामाबरोबर ॲडेनोसीन नांवाचें द्रव्य मेंदूंत सांचत जातें. पेशींवरील ठराविक जागीं तें जाऊन बसलें कीं पेशींची धांवपळ मंदावते व झोंपेची ओढ लागते. कॅफीनची घडण ॲडेनोसीनशीं इतकी मिळती आहे कीं तें त्याच जागा अडवून बसतें. मात्र तेथें बसून करावयाचें काम तें करीत नाहीं. थकव्याचा निरोप पोंचत नाहीं, म्हणून मनुष्याला तरतरी वाटते. दारीं आलेल्या सावकाराला "मालक घरीं नाहींत" असें सांगून नोकरानें वाटेला लावावें, तसाच हा प्रकार आहे. सावकार परतला म्हणून कर्ज फिटत नाहीं. तो समोरच्या पारावर बसून राहतो, आणि नोकराची पाठ फिरतांच पुन्हां दार ठोठावतो.

रोज होणाऱ्या या अडवणुकीवर मेंदूहि आपला उपाय शोधतो. कॅफीन नित्य दिल्यास ॲडेनोसीनच्या जागांची संख्याच वाढते, असें प्राण्यांवरील प्रयोगांत आढळून आलें आहे. मग पूर्वीं एका कपानें येणारी तरतरी दोन कपांनींहि येईनाशी होते, आणि एखादे दिवशीं कप चुकला तर ॲडेनोसीनला सर्व दारें एकदम मोकळीं सांपडतात. डोकें दुखणें, पेंग येणें, कामांत चित्त न लागणें, उगाच चिडचिड होणें, हीं लक्षणें शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतात, एक-दोन दिवसांत त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो, व दोनपासून नऊ दिवसांपर्यंत तीं टिकतात. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथांत या अवस्थेला रीतसर स्थान दिलें आहे. सकाळच्या पहिल्या कपानें जें समाधान लाभतें, त्याचा पुष्कळसा भाग या ओढीच्या शमनाचा असतो. रात्रभर उपाशी राहिलेल्या सवयीला घास मिळतो, आणि मनुष्य समजतो कीं आपल्याला नवी शक्ति आली.

येवढ्यानें चहा त्याज्य ठरत नाहीं. खरी हानि होते ती वेळेचें भान सुटल्यामुळें. निरोगी प्रौढाच्या शरीरांतील कॅफीनपैकीं अर्धें निकालांत काढावयास यकृताला सरासरीनें पांच तास लागतात. कोणाला याहून कमी, कोणाला पुष्कळ अधिक. कचेरींतून परतल्यावर पांच वाजतां दोन कप चहा घेतला आणि त्यांतून शंभर मिलिग्रॅम कॅफीन पोटांत गेलें, तर रात्रीं दहा वाजतां, अंथरूण घालण्याच्या वेळीं, त्यांतील पन्नास मिलिग्रॅम शिल्लकच असतें. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, निजण्यापूर्वीं सहा तास चारशें मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यानें झोंप एका तासाहून अधिक घटलेली दिसली. "चहा पिऊनहि मला गाढ झोंप लागते" असें अनेक जण अभिमानानें सांगतात. डोळे मिटत असतीलहि. परंतु कॅफीनमुळें गाढ निद्रेचा अंश कमी होतो, आणि तें झोंपणाऱ्याला उमगत नाहीं. सकाळीं अंग जड वाटतें, म्हणून चहा वाढतो. चहा वाढला, म्हणून रात्रीची झोंप आणखी उथळ होते. पारावरच्या सावकाराचें व्याज चढत जातें तें असें.

मग किती चहा घ्यावा? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणें दीडशें मिलिलिटरच्या एका कपांत, चहा असल्यास ३० ते ६५, तयार भुकटीची कॉफी असल्यास ५० ते ६५, आणि बियांची पूड उकळून वा गाळून केलेली कॉफी असल्यास ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतें. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये, असा तिचा सल्ला आहे. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं निरोगी प्रौढांसाठीं ही मर्यादा ४०० पर्यंत सांगितली. म्हणजे चार कप चहा पिणारा मनुष्य सामान्यतः मर्यादेच्या आंतच असतो. परंतु कचेरींतील दोन कप, पाहुण्यांबरोबरचा अर्धा, अमृततुल्याच्या दुकानांतील कडक पेला, मुलांच्या हातांतील कोलाची बाटली आणि डोकेदुखीच्या कांहीं गोळ्यांतील कॅफीन, हें सारें हिशेबांत कोण धरतो?

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ब्रिटिश मेडिकल जर्नलनें २०१७ सालीं छापलेल्या एका विस्तृत समालोचनांत, दिवसाला तीन-चार कप कॉफी घेणाऱ्यांत यकृताचे विकार, मधुमेह व अकालीं मृत्यु यांचें प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षां कमी आढळलें. तथापि हे निष्कर्ष मुख्यतः निरीक्षणांचे आहेत. शिवाय कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीसहि यांतील कांहीं श्रेय मिळालें आहे. तेव्हां हा गुण एकट्या कॅफीनच्या नांवावर मांडतां येत नाहीं, आणि दोन दोन चमचे साखर घातलेल्या चहाच्या नांवावर तर नाहींच नाहीं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१६ सालीं कॉफीवरील जुना आरोप सौम्य केला. मात्र ६५ अंशांहून अधिक ऊन असें कोणतेंहि पेय अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होत असावें, असा इशारा दिला. चहा बशींत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या आजोबांना हसणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

कांहीं माणसांनीं मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. गर्भवती स्त्रीच्या शरीरांतून कॅफीन फार सावकाश बाहेर पडतें. शेवटच्या महिन्यांत त्याला एरवींच्या जवळजवळ तिप्पट वेळ लागतो, आणि तें गर्भापर्यंत पोंचतें. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनीं तें कमी करावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सांगितलें. युरोपीय संस्थेची मर्यादा तर २०० ची आहे. छातींत धडधडणें, हात कांपणें वा अकारण धास्ती वाटणें असा त्रास ज्यांना होतो, त्यांनीं वैद्याला आपल्या कपांची संख्या न लपवितां सांगावी. आणखी एक गोष्ट गृहिणींच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. चहांतील कषाय द्रव्यें, मग त्यांत कॅफीन असो वा नसो, भाजी-भाकरींतील लोह शरीरांत मुरूं देत नाहींत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. पंडुरोगाला इतरहि कारणें आहेत. परंतु पालेभाजीचें जेवण करून लगेच वर चहा घेणें, म्हणजे एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेणें होय. जेवणापूर्वीं व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असें पोषण संस्थेनेंहि सांगितलें आहे.

ज्यांना सवय कमी करावयाची आहे, त्यांनीं ती एका दिवसांत तोडूं नये. तीन-चार दिवसांनीं एक कप कमी करावा, प्रथम संध्याकाळचा सोडावा, आणि दुपारीं तीननंतर कॅफीन घेऊं नये. मेंदूला आपली घडी पुन्हां बसवावयास वेळ दिला कीं डोकें दुखत नाहीं, निदान सोसवेल इतकेंच दुखतें. चतुर्थीचा कडक उपवास करणाऱ्या गृहस्थानेंहि आठवडाभर आधीं एक एक कप उतरवीत आणला, तर चंद्रोदयाची वाट तो शांत चित्तानें पाहूं शकेल. मुलाच्या प्रश्नालाहि त्या दुपारीं नीट उत्तर मिळेल.