हंड्यापासून विधानसभेपर्यंत : आमदार मृणालताई गोरे
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आमदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गाड्यांचा ताफा, गळ्यात हार, निवडणुकीच्या तोंडावर हळदीकुंकू. पण आमदाराचं खरं काम काय, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून आज मी तुम्हाला एका आमदार बाईबद्दल सांगणार आहे. त्यांचं नाव मृणाल गोरे. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. त्या डॉक्टरकी शिकत होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं. 1948 साली केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. दोघंही समाजवादी कार्यकर्ते. पण दहाच वर्षांत, 1958 मध्ये केशवराव गेले. पदरात लहान मुलगी. वय अवघं तीस. आपल्यातल्या किती जणींनी हे भोगलंय, मला वेगळं सांगायला नको. ताईंनी दुःख केलं, पण काम सोडलं नाही.

त्यांची सुरुवात कुठून झाली माहीत आहे? ग्रामपंचायतीतून! मुंबईचं गोरेगाव तेव्हा महापालिकेत नव्हतं, तिथं ग्रामपंचायत होती. ताई तिच्या सदस्य होत्या. पुढे 1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. झोपडपट्टीतल्या बायांना हंडाभर पाण्यासाठी तासन् तास ताटकळावं लागे. ताई त्या बायांना सोबत घेऊन हंडे-कळशांचे मोर्चे काढायच्या. बंद खोलीत एकटीनं अर्ज देणं वेगळं आणि शंभर जणींनी हंडा घेऊन दारात उभं राहणं वेगळं.

1972 साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. तो दुष्काळाचा काळ. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, खडी फोडायला गेलेल्या बाया आठवतील. धान्य मिळेना, तेल मिळेना, रॉकेल मिळेना. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि महागाईविरोधी समिती काढली. हातात लाटणं घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. पक्ष वेगळे असले तरी चूल सगळ्यांची एकच होती ना!

1975 ला आणीबाणी आली. ताई भूमिगत राहून काम करत होत्या. पकडल्या गेल्या, तुरुंगात राहिल्या. 1977 ला लोकसभेवर निवडून गेल्या. मंत्रिपद चालून आलं, तेही त्यांनी घेतलं नाही.

1985 साली त्या पुन्हा आमदार झाल्या. आणि आता सांगते ते नीट लक्षात ठेवा. त्या काळात पोटात मुलगी आहे का ते तपासून गर्भ पाडण्याचा धंदा सुरू झाला होता. बायांच्या संघटना, काही डॉक्टर रस्त्यावर लढत होते. ताईंनी हा विषय विधानसभेत नेला, अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय म्हणजे सरकारनं नाही, तर आमदारानं स्वतः मांडलेलं. बाहेरून आंदोलन आणि आतून विधेयक, असा दोन्हीकडून रेटा लागला. 1988 मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, देशातला असा पहिलाच. केंद्राचा कायदा आला 1994 ला. आज सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी दिसते, तिच्यामागे ही लढाई आहे.

तर तायांनो, रस्ता, सभामंडप हे आमदार निधीतून होतं, ते हवंच. पण आमदाराचं पहिलं काम म्हणजे कायदा करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. आपल्या गावात नळ आला, पण नळाला पाणी नसेल, तर तो प्रश्न आमदार सभागृहात विचारू शकतात. मात्र तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवायचा कुणी? आपणच.

त्याची वाट साधी आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. तिथं ठराव करा, ग्रामसभेत मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या. मग ग्रामसंघाच्या लेटरहेडवर आमदारांना निवेदन द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा. अधिवेशन संपलं की जाऊन विचारा, "साहेब, आमच्या प्रश्नाचं काय झालं?"

2019 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 288 जागांपैकी 24 जागांवर बाया निवडून आल्या. 2023 मध्ये एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली आहे. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हायचं आहे. तेव्हा उमेदवार कुठून येणार? कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून म्हणून येणार, की गटाचा हिशोब चोख ठेवणारी, बँकेत मॅनेजरसमोर न घाबरता बोलणारी आपल्यातलीच एखादी येणार?

17 जुलै 2012 ला मृणालताई गेल्या. पाण्याची रांग मात्र अजून संपलेली नाही. पुढच्या महिला सभेत प्रत्येक गटातून निदान पाच जणी या, मागं बसू नका, बोला. एवढं बोलून माझे दोन शब्द संपवते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!