बंदूक न घेणारा शेतकरी



आज एका शेतकऱ्याची हकिगत सांगतो. हा शेतकरी लांबचा, युरोपातल्या ऑस्ट्रिया देशातला. नाव फ्रान्झ येगरश्टेटर. बोलायला अवघड आहे, म्हणून आपण नुसते फ्रान्झ म्हणू.

त्याचे गाव सांक्ट राडेगुंड. लहानसे खेडे. घरी शेत, गुरे, आई, बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. तरुणपणी गडी मोठा हौशी. गावात पहिली मोटारसायकल त्यानेच आणली! पुढे गावच्या चर्चची देखभालही तो करू लागला.

१९३८ साली जर्मनीचा हुकूमशहा हिटलर याने ऑस्ट्रिया देश गिळला. मग गावोगाव मते घेतली, की हे पसंत आहे ना? गावात 'नाही' म्हणणारा एकटा फ्रान्झ.

१९३९ साली हिटलरने लढाई सुरू केली. आपल्याकडे फौजेत जाणे खुशीचे असते. तिथे तसे नव्हते. हुकूम आला की गेलेच पाहिजे. नाही म्हटले तर जीव जायचा. फ्रान्झही एकदा गेला, कवायत शिकला. शेतीला माणूस हवा म्हणून १९४१ साली त्याला घरी सोडले. पण त्याचे मन विटले होते. दुसऱ्यांचे देश लुटायचे, निरपराध माणसे मारायची, ही कसली लढाई? पुन्हा बोलावले तर लढायचे नाही, असे त्याने ठरवले.

आईने विनवले. पाद्र्यांनी समजावले. बायकामुलांकडे बघ, हेच सगळ्यांचे सांगणे. फ्रान्झिस्कानेही आधी विनवून पाहिले. पण सारेच त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा ती त्याच्या बाजूला उभी राहिली.

१ मार्च १९४३ रोजी तो छावणीत आपण होऊन हजर झाला. पळाला नाही, लपला नाही. लढणार नाही, एवढेच म्हणाला. पुढे तुरुंगातून त्याने कळवले, की जखमींची सेवा मी करीन. ते कोणी ऐकले नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. वय अवघे ३६.

तुम्ही म्हणाल, पोरींना उघड्यावर टाकलं, हे बरं का? प्रश्न कठीण आहे खरा. मला विचाराल तर फ्रान्झिस्काचे सोसणे त्याच्याहून मोठे. शेत तिने ओढले, मुली तिने वाढवल्या. वर गावाचा राग तिच्यावरच. हिनेच त्याला देवाच्या नादी लावले, असे लोक म्हणत. १९४५ साली हिटलर संपला, तरी हा राग गेला नाही. लढाईत मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन मिळे. हिला ते १९५० पर्यंत मिळाले नाही.

१९९७ साली बर्लिनच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. २००७ साली चर्चने फ्रान्झचा मोठा सन्मान केला. त्या सोहळ्याला फ्रान्झिस्का हजर होती. तेव्हा ती ९४ वर्षांची होती. २०१३ साली, शंभरी पुरी करून, ती वारली.

तुरुंगातून फ्रान्झ तिला पत्रे लिही. ती शेताची, मुलींची खबर कळवी. ही पत्रे तिने जन्मभर जपली. आता ती पुस्तकात छापली आहेत.