रेघ कुठून जाते ते बघा!



मतदारसंघाच्या हद्दी म्हटलं की लोक म्हणतात, हे वकिलांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय? आम्ही म्हणतो, ज्याला पगाराच्या चिठ्ठीतली कपात कळते त्याला हेही कळेल. हिशोब सरळ आहे.

१९७१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगरांत २९ लाख. म्हणून विधानसभेच्या जागा इकडे १७, तिकडे १७. पुढं १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कुणी गावाकडं गेलं, कुणी खोली विकून विरार-कल्याण गाठलं. २००१ ची शिरगणती आली तेव्हा शहरात ३३ लाख आणि उपनगरांत ८६ लाख. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं नव्या हद्दी आखल्या, त्या २००८ साली लागू झाल्या. शहराला १० जागा, उपनगरांना २६. परळ, चिंचपोकळी, नायगाव, दादर ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली.

हा अन्याय झाला काय? आकडा बघितला तर नाही. एका आमदारामागं इकडंही ३ लाख ३० हजार, तिकडंही तेवढीच माणसं. उपनगरातला कामगार आपलाच भाऊ आहे, त्याच्या मताची किंमत आपल्यापेक्षा कमी का असावी? आमचं म्हणणं निराळं आहे. जागा किती हे शिरगणती ठरवते, पण रेघ कुठून जाते हे माणूस ठरवतो. एका वस्तीतल्या चाळी तीन मतदारसंघांत वाटल्या, तर तिन्हीकडं त्या थोड्याच ठरतात. मग त्यांच्या दारी कोण येणार?

बरं, कोर्टात जावं म्हणाल, तर घटनेचं कलम ३२९ आडवं येतं. उज्जैनचा मतदारसंघ राखीव झाला तेव्हा मेघराज कोठारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६६ साली कोर्टानं सांगितलं, आयोगाचा हुकूम राजपत्रात छापला की तो कायदाच झाला, त्यावर दावा चालणार नाही. कारणही दिलं : दर वेळी दावे चालले तर निवडणूक व्हायचीच नाही. त्यात तथ्य आहे. २०२४ साली गुजरातेतल्या बारडोलीच्या खटल्यात त्याच कोर्टानं दार थोडं किलकिलं केलं : हुकूम उघडउघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांना धरून नसेल, तर कोर्ट बघू शकेल. पण किलकिल्या दारावर भरवसा ठेवून झोपू नये.

महापालिकेचंच बघा. मुंबईचे प्रभाग २२७ होते. २०२१ साली एका सरकारनं २३६ करायचं ठरवलं. २०२२ साली दुसरं आलं, त्यानं परत २२७ केले. वाद हायकोर्टात गेला, २०२३ साली अर्ज फेटाळले गेले. इतरही खटले होतेच. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेली महापालिका, तिची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाही! नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, तर जायचं कुणाकडं? साहेब लोक भांडले आणि झळ चाळीला बसली.

म्हणून सांगतो, भांडायची वेळ हुकूम निघाल्यावरची नव्हे, त्याच्या आधीची. आयोग आधी मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर बैठक घेतो. त्या वेळी आपण कुठं असतो? घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीनं जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत गोठवली होती. म्हंजे पुन्हा रेघा ओढायची पाळी येणारच.

तेव्हा आजपासून कामाला लागा. शिरगणतीवाला आला की घरातलं एकूण एक माणूस मोजून घ्या. मतदारयादीत नाव आहे का बघा. मसुदा निघाला की नकाशा चाळीच्या दाराशी लावा, आपली गल्ली कुठं पडली ते बोटानं शोधा. हरकत लेखी द्या, सह्या घ्या, आणि बैठकीला एकटे जाऊ नका, चाळच्या चाळ घेऊन जा!