संकेतस्थळाचीही परीक्षा घ्या
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्तीच्या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेची सूचना आहे. कोणती शिष्यवृत्ती कोणाला मिळते, कोणती कागदपत्रे लागतात, ही माहिती आपणांस इतर वक्ते देतीलच. आम्ही थोड्या वेगळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहोत. विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती ह्यांच्या मधे आज एक दार उभे आहे. त्याचे नाव संकेतस्थळ. हे दार सर्वांना उघडता येते का, आणि येत नसेल तर ते कसे दाखवून द्यावे, हा आजचा विषय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे कॉलेजच्या खिडकीवर कागदी अर्ज देऊन मुले शिकली. आता महाराष्ट्रात हा अर्ज महाडीबीटी ह्या शासकीय संकेतस्थळावरून करावा लागतो. वसतिगृहाचा प्रवेश, जात पडताळणी, परीक्षेचा फॉर्म, निरनिराळ्या प्रवेशप्रक्रिया, सारे काही आता संगणकावर आले आहे. ह्यात चांगलेही पुष्कळ आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात, मधल्या माणसाच्या मर्जीवर राहावे लागत नाही. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु कागदाच्या काळात अर्ज चुकला तर खिडकीमागचा कारकून निदान तोंडाने सांगत तरी होता. पडद्यावरचे दार बंद झाले की ते का बंद झाले हे सांगायला तिथे कोणी नसते. मुदत निघून जाते, फी थकते आणि किनवटहून किंवा जळकोटहून आलेला मुलगा पिशवी घेऊन गावी परत जातो. लोक म्हणतात, त्याला फॉर्म भरता आला नाही. ह्याच वाक्याला आमचा आक्षेप आहे. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला जर फॉर्म भरता येत नसेल, तर नापास मुलगा झाला की फॉर्म, ह्याचा विचार व्हायला हवा.

ह्या परीक्षेला दोन बाजू आहेत. पहिली वापरसुलभता. ज्या कामासाठी माणूस आला ते काम त्याला कमी वेळात, न चुकता, न घाबरता करता येते काय? दुसरी सुगम्यता. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात चालत नाही, त्यालाही तेच काम तितक्याच स्वावलंबनाने करता येते काय? सुगम्यतेसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ साली पहिले नियम प्रसिद्ध केले. त्यांची सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांचे सार चार शब्दांत सांगता येते : मजकूर जाणवला पाहिजे, चालवता आला पाहिजे, समजला पाहिजे, आणि निरनिराळ्या साधनांवर टिकला पाहिजे. आपल्या देशातही शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. म्हणजे नियम नाहीत असे नाही. ते पाळले जातात की नाही हे पाहणारे डोळे कमी आहेत.

आता आपल्या भागातील अडचणींकडे वळू.

पहिली अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. आधार कार्डावर पुष्कळदा स्वतःचे नाव आधी असते. संकेतस्थळ तिसऱ्याच क्रमाने तीन रकान्यांत नाव मागते. त्यात वाघमारे, गायकवाड ही आडनावे इंग्रजीत दोन-दोन प्रकारे लिहिली जातात. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की यंत्र म्हणते, नाव जुळत नाही. कोणते अक्षर जुळले नाही हे मात्र सांगत नाही. नियम असा आहे की चूक कुठे झाली ते शब्दांत दाखवावे आणि ती कशी सुधारावी हेही सुचवावे. नुसती लाल चौकट दाखवून भागत नाही. ज्याला लाल-हिरवा भेद दिसत नाही त्याला तर ती चौकट असून नसल्यासारखीच.

दुसरी अडचण गावांच्या यादीची. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके, लातूर जिल्ह्यात दहा. एकटे शिरूर घ्या. लातुरात शिरूर अनंतपाळ, बीडमध्ये शिरूर कासार आणि पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर. यादी इंग्रजीत, स्पेलिंग वेगळे आणि बोट ठेवायला जागा मोहरीएवढी. मोबाइलवर चुकीच्या नावावर बोट पडले की पुढची सगळी यादी बदलते. २.२ आवृत्तीतील एक नियम अशा बटणांचा किमान आकार ठरवून देतो. दुसरा नियम म्हणतो की एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा टंकायला लावू नये.

तिसरी अडचण वेळेची. मुलगा उत्पन्नाच्या दाखल्यावरचा क्रमांक शोधत असतो, तेवढ्यात पडद्यावर येते, ‘आपले सत्र संपले आहे’. भरलेले सारे गेले. नियमाप्रमाणे वेळ संपण्याआधी सूचना द्यायला हवी आणि एखादे बटण दाबून वेळ वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद मिळायला हवेत.

चौथी अडचण मराठीची. पुष्कळ सूचना आजही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात, नाहीतर कागद स्कॅन करून चढवलेल्या असतात. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात. असा मजकूर दुसरीकडे उतरवून पाहा, अर्थहीन अक्षरांची रांग मिळेल. स्कॅन केलेली सूचना म्हणजे तर नुसते चित्र. तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि वाचक-यंत्राला ती वाचताही येत नाही. युनिकोडमध्ये टंकलेली मराठी मात्र शोधताही येते आणि ऐकताही येते. त्यातही पानाच्या आत ‘ही भाषा मराठी आहे’ अशी खूण ठेवावी लागते. ती नसेल तर वाचक-यंत्र मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात म्हणू लागते किंवा गाळून टाकते.

येथे आपल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांविषयी मुद्दाम सांगावेसे वाटते. एन.व्ही.डी.ए. नावाचे एक वाचक-यंत्र फुकट मिळते. मायकल करन ह्या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली ते तयार करायला घेतले. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचते. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक ही तशीच सोय आधीपासून असते. साधन हातात आहे, खर्चही नाही. तरी अडते कुठे? बटणाला नाव दिलेले नसते, म्हणून यंत्र नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहते. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा असा कॅप्चा येतो आणि ती ऐकण्याची सोय नसते. तिथे दृष्टिहीन विद्यार्थ्याचा मार्ग संपतो. पुढचे काम दुसऱ्याच्या हाती, त्याच्या सवडीने.

काही सभासद म्हणतील, एवढा विचार कशाला, ऑनलाइन सेंटरवाला फॉर्म भरून देतोच की. खरे आहे, आणि त्यांतील कितीतरी जण प्रामाणिकपणे काम करतात. पण आमच्या पाहण्यात असे येते की मोबाइल नंबर सेंटरवाल्याचा, ई-मेल त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि दुकान बंद झाले असेल तर विद्यार्थी स्वतःच्याच अर्जाला परका होतो. जे दार मध्यस्थावाचून उघडत नाही, ते दार नीट बसवलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

मग परीक्षा घ्यावी कशी? त्याला मोठी पदवी लागत नाही. याकोब नील्सन हे ह्या विषयातले नावाजलेले अभ्यासक. त्यांनी दाखवून दिले की पाच माणसांना काम करायला बसवले तरी बहुतेक मोठे दोष उघड होतात. वसतिगृहातील पाच जण घ्या. ते एकसारखे नसावेत. एक पहिल्या वर्षाचा, एक नुसत्या मोबाइलवर काम करणारी, एक इंग्रजीची भीती असलेला, एक पालक आणि शक्य असेल तर एक दिव्यांग विद्यार्थी. प्रत्येकाला नेमके काम द्या : ‘तुझा अर्ज कुठवर आला आहे ते शोध’, ‘पासवर्ड विसरलास, नवा घे’, ‘उत्पन्नाचा दाखला जोड’. मग शेजारी बसा आणि गप्प राहा. मदत करायची नाही, हीच ह्यातली अवघड गोष्ट. तो कुठे थांबला, काय म्हणाला, कोणते बटण चुकीने दाबले, किती मिनिटे लागली, ते वहीत लिहा. ज्या ठिकाणी पाचांपैकी तीन जण अडखळले तिथे दोष संकेतस्थळाचा आहे, हे कोणालाही पटेल.

ह्याशिवाय चार चाचण्या एकट्यानेही करता येतात. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब व एंटर ह्या कळांनी अर्ज शेवटपर्यंत जातो का पाहा. अक्षरे दुप्पट मोठी करा, मजकूर कापला जातो का पाहा. फिकट रंगावर फिकट अक्षरे आहेत का पाहा. साध्या आकाराच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीत किमान साडेचारास एक इतका उठाव हवा आणि तो मोजणारी साधने फुकट मिळतात. शेवटी टॉकबॅक सुरू करून डोळे मिटा आणि पहिले पान ऐका. संगणकाने आपोआप तपासणी करणारी साधनेही आहेत. परंतु चित्राला वर्णन आहे एवढेच ती सांगतात, ते वर्णन बरोबर आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते.

मिळालेले दोष क्रमाने मांडावेत. ज्यांनी काम पूर्ण थांबते ते आधी, ज्यांनी फक्त वेळ जातो ते नंतर. प्रत्येक दोषासोबत पानाचे नाव, तारीख, पडद्याचे छायाचित्र आणि काय करायला हवे ते एका ओळीत लिहावे. छायाचित्रातला आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मात्र झाकायला विसरू नका. राग कमी, पुरावा जास्त, असा अर्ज कोणत्याही कार्यालयाला बाजूला सारणे कठीण जाते.

आणि ही विनवणी नव्हे, हक्काची मागणी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून कलम ४२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा ही जबाबदारी शासनावर आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही किमान नियम सक्तीचेच हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या खटल्याचा निकाल लागला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तींना बँकेच्या ऑनलाइन पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले जात होते. दृष्टिहीन वकील अमर जैन हेही न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या घटनेचा आपण अभिमान बाळगतो, तिचा हा आजचा अर्थ आहे.

तेव्हा संबंधित कार्यालयाला आधी लेखी कळवावे. ह्या संकेतस्थळाची सुगम्यता तपासणी कधी झाली, तिचा अहवाल काय, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दिव्यांग विद्यार्थ्याची अडवणूक होत असेल तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत संगणकशास्त्र शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. आणि आपल्या संस्थेने सूचना काढताना तरी त्या युनिकोडमध्ये टंकून काढाव्यात, कागदाचे छायाचित्र पाठवू नये. सुरुवात घरापासून झालेली बरी.

मित्रहो, आजवर तुमची परीक्षा सर्वांनी घेतली. आता वही-पेन घेऊन तुम्ही परीक्षक व्हा. येत्या रविवारी वसतिगृहात पाच जण जमा, एक संकेतस्थळ घ्या आणि पहिला दोष लिहा. तो दुरुस्त झाला तर तुमच्यामागून येणाऱ्या कितीतरी मुलांची अडचण दूर होईल, आणि ती कोणी दूर केली हे त्यांना कळलेही नाही तरी हरकत नाही.