घराचे रक्षण : हक्क आणि विवेक
(हिंगणा येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आपला सुवर्णकार समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे सोने स्वतःच्या घरात सांभाळीत आला आहे. पुढे दुकान आणि मागे संसार, अशीच आपल्यापैकी अनेकांची घरे. म्हणून दरोडेखोराची दृष्टी प्रथम आपल्या उंबरठ्याकडे वळते. सशस्त्र मनुष्य घरात शिरला असता काय करावे, याचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

या प्रांताला हे संकट नवे नाही. १८११ साली पेंढारी थेट नागपुरापर्यंत आले आणि त्यांनी शहराचे एक उपनगर जाळले. त्या धामधुमीत गावोगावी गढ्यांचा आश्रय घ्यावा लागे. एकेका कुटुंबाने आपापल्या दारात झुंजावे, अशी गढीची कल्पना नव्हती. चाहूल लागताच सर्वांनी एका भिंतीआड यावे, ही होती.

आज कायदा आपल्या पाठीशी आहे. भारतीय दंड संहितेने १८६० साली मान्य केलेला स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, जबरी चोरी होत असेल, अथवा सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडले जात असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो गुन्हा ठरत नाही. अट एवढीच की, बचावास अवश्य तेवढेच बळ वापरलेले असावे. हे बळ हल्ला सोसणाऱ्याने गणिती अचूकतेने मोजावे, अशी अपेक्षा अवास्तव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात २०१० साली स्पष्ट केले. आपल्या भाषेत सांगायचे तर, तो प्रसंग काट्यावर गुंजा तोलण्याचा नसतो. परंतु हल्लेखोर पळाला किंवा शरण आला, म्हणजे भीती संपते. त्यानंतर घातलेला घाव हा बचाव नव्हे, सूड होय. आणि सुडाला कायद्यात आधार नाही.

हक्क आहे म्हणून तो प्रत्येक वेळी बजावावाच असेही नाही. समोर शस्त्र असेल आणि मागणी केवळ ऐवजाची असेल, तर किल्ल्या द्याव्यात. बाहेर पडता आले तर पडावे. न आल्यास मुलाबाळांसह आतल्या खोलीत कडी लावून ११२ क्रमांकावर कळवावे. जिवावरच बेतले, तरच हात उचलावा.

“गिऱ्हाइकाचा दागिना गेला, तर तोंड कसे दाखवू?” असे आपले वडीलधारे म्हणतात. ही भावना थोर आहे. पण तिच्यापायी जीव गमावू नये. मोडीचे सोने मुशीत घालून पुन्हा घडविता येते, घरातला कर्ता पुरुष किंवा गृहिणी पुन्हा घडविता येत नाही. विश्वास राखावयाचा तो आधीच राखावा : ऐवज बँकेच्या तिजोरीत ठेवावा, विमा उतरवावा, प्रत्येक नगाची पावती व वजन वहीत नोंदवावे, आणि घरात काय आहे याची वाच्यता लग्नसमारंभात करू नये.

शेवटी एक विनंती. हिंगण्याला औद्योगिक वसाहत वाढली, वस्त्या वाढल्या, आणि शेजाऱ्याला शेजारी अनोळखी झाला. प्रत्येक वस्तीतील दहा घरांनी परस्परांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत आणि एकाने हाक दिली की नवांनी दिवे लावावेत. यात जातीपातीचा भेद नसावा, कारण रात्री धावून येतो तो शेजारी. आपल्या काळाची गढी हीच आहे, आणि ती बांधावयास दगड लागत नाहीत.